नेत्यावर टीका: फ्लेक्सवर काय चालतं आणि कुठल्या शब्दाला केस होते?

खड्डेमोजणी (प्रश्न)

कोल्हापुरात मंडळातर्फे चौकात एक फ्लेक्स लावायचा आहे आणि त्याच मजकुराची रील टाकायची आहे. विषय साधा आहे. भागातला मुख्य रस्ता डांबर पडल्यावर वर्षभरात उखडला. टीका आमदारांवर आहे आणि नाव घेऊनच करायची आहे. मजकूर अजून छापायला गेलेला नाही. कच्च्या ओळी अशा (नावाच्या जागी इथं 'साहेब' घातलंय):

१. "साहेब, पाच वर्षं झोपा काढल्या काय? रस्ता कुठाय?"
२. "या रस्त्यात साहेबांनी टक्केवारी खाल्ली."
३. साहेबांच्या फोटोला फेटा, खाली "खड्डेरत्न पुरस्कार", शेजारी गाढव.
४. "परत भागात आलासा तर तंगडं मोडून हातात देऊ."
५. "असल्या जातीचा माणूस निवडून दिला की असंच व्हायचं."
६. फ्लेक्सच्या उद्घाटनाला शिवाजी चौकात प्रतीकात्मक पुतळ्याचं दहन.

यातल्या कुठल्या ओळीला कुठलं कलम लागतं आणि लागलंच तर पुढं काय होतं? "घटनेनं स्वातंत्र्य दिलंय, बिनधास्त लिही" आणि "गप बस, आत टाकतील" ही दोन्ही उत्तरं सगळीकडं मिळतात. ती नकोत.

---

बावडा_कोर्टरोड

आधी पाया. कलम १९(१)(क) बोलण्याचं स्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्यावरची बंधनं सांगतं. बंधनांची कारणं आठच आहेत: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. ही यादी पूर्ण आहे, तिच्यात बाहेरून भर घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात सांगितलंय. साहेबांचा मान, पक्षाची प्रतिमा, कार्यकर्त्यांच्या भावना यांपैकी काहीही त्या यादीत नाही.

आता ओळी घेऊ.

पहिली निर्धास्त छापा. तो प्रश्न आहे, मत आहे. झोपा काढल्या की नाही याचा पुरावा कोणी मागत नाही.

दुसऱ्या ओळीत खरा घोळ आहे आणि सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात. "टक्केवारी खाल्ली" हे मत नाही, घटना घडल्याचं विधान आहे. ते खरं किंवा खोटं ठरवता येतं, म्हणून ते बदनामीच्या कक्षेत येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, जुनं भारतीय दंड संहितेचं (भादंवि) ४९९-५००. खाली मी नुसतं कलम म्हटलं की याच न्याय संहितेचं समजा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात हे कलम घटनात्मक ठरलं, त्यामुळं "हे इंग्रजांचं कलम टिकणार नाही" असं म्हणत बसण्यात अर्थ नाही.

त्याच कलमाला दहा अपवाद आहेत. पहिला अपवाद सत्याचा, पण नुसतं सत्य पुरत नाही. ते छापणं लोकहिताचंही असावं लागतं. दुसरा आणि तिसरा अपवाद तुमच्या कामाचे: लोकसेवकाच्या सरकारी कामातल्या वागणुकीवर आणि सार्वजनिक प्रश्नातल्या कोणाच्याही वागणुकीवर सद्भावनेनं मांडलेलं मत. 'सद्भावना' म्हणजे मन साफ असणं नव्हे. योग्य ती काळजी घेऊन, खातरजमा करून बोललात की नाही, हे कोर्ट बघतं. "सगळा भाग म्हणतोय" ही खातरजमा होत नाही.

शिवाय या ओळीचा नेमच चुकलाय. आमदार काम सुचवतो आणि निधी आणतो. निविदा खातं काढतं, कार्यादेश खातं देतं, मोजमाप पुस्तिकेत नोंद कनिष्ठ अभियंता करतो, त्यावर बिल निघतं. थर पातळ पडला असेल तर कागदावर पहिली सही साहेबांची नसते. मग साहेबांनी पैसे खाल्ले हे सिद्ध कसं करणार? तीच धार ठेवून असं लिहा: "मोजमाप पुस्तिकेत थर अमुक मिलिमीटर लिहिलाय. जागेवर तेवढा दिसत नाही. साहेब, भूमिपूजनाला नारळ तुम्ही फोडला, आता खात्याला जाब विचारणार का?" यातलं पहिलं वाक्य कागदावरचं, दुसरं डोळ्यांना दिसणारं आणि तिसरा प्रश्न. धरायला जागाच राहत नाही.

तिसरी ओळ चालेल. व्यंगचित्र म्हणजे बढाचढवून दाखवणंच. पण तीन ठिकाणी पाय घसरतो. खोटं पत्र, खोटा शिक्का, खोटं वर्तमानपत्राचं कात्रण बनवलंत तर प्रतिष्ठेला धक्का देण्यासाठी केलेली बनावट होते, कलम ३३६(४), तीन वर्षांपर्यंत. तेव्हा "खड्डेरत्न" पुरस्काराच्या मानपत्रावर राजमुद्रा किंवा जिल्हाधिकाऱ्यांची सही चिकटवू नका. अश्लील मॉर्फिंग केलंत तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७. आणि नेत्या महिला असतील, शेरा बाईपणावर असेल, तर कलम ७९. ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

इथं कोल्हापुरापुरतं एक सांगतो. गाढव चालेल, पण साहेबांना महापुरुषाच्या वेशात, सिंहासनावर वगैरे बसवून खिल्ली उडवू नका. टीका साहेबांवर राहत नाही, भांडण महाराजांच्या नावानं सुरू होतं. न्यायालयंही इथं वेगळं माप लावतात. लातूरच्या एका प्रकाशनाच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर अश्लीलतेची कसोटी जास्त कडक लागते. साहेब कितीही मोठे असले तरी ती सवलत हयात पुढाऱ्याला नाही.

चौथी ओळ. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे की "तंगडं मोडीन" म्हणजे जेमतेम "रागावलोय". पण कायद्याच्या भाषेत हाड मोडणं म्हणजे गंभीर दुखापत, कलम ११६. आणि गंभीर दुखापतीची धमकी म्हणजे ३५१ चं तिसरं पोटकलम, सात वर्षांपर्यंत. साधी धमकी असती तर दोन वर्षांची मर्यादा होती. एका हाडासाठी पाच वर्षं वाढतात. कोर्टात वकील बोलीचा मुद्दा मांडेल आणि बहुधा चालेलही, पण तोवर कागदावर सात वर्षांचं कलम बसलेलं असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांबद्दल कानाखाली मारण्याची भाषा केली म्हणून केंद्रीय मंत्री असलेल्या नारायण राणेंना अटक झाली होती. मंत्र्याला मिळाली नाही ती सवलत मंडळाला कोण देणार?

पाचवी ओळ फाडून टाका. दुरुस्त करू नका, फाडा. समाजासमाजांत तेढ वाढवण्याची कलमं १९६ आणि ३५३(२), दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र. साहेब अनुसूचित जाती-जमातीचे असतील तर ॲट्रॉसिटी, आणि त्यात अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची आडकाठी. रस्त्याचा मुद्दा तिथंच मेला.

पुतळ्याचं दुसऱ्या कोणी सांगावं.

---

खड्डेमोजणी

पाचवी गेली, चौथीही गेली. एक शंका. साहेब स्वतः काही बोलत नाहीत. "आम्ही केस टाकणार" असं त्यांचे कार्यकर्तेच सांगत फिरतात. त्यांना टाकता येते का? आणि शिव्यांचं काय?

---

हद्दीबाहेर

सगळी गोम याच प्रश्नात आहे.

बदनामीची तक्रार फक्त ज्याची बदनामी झाली त्यालाच करता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता), कलम २२२. कार्यकर्त्याचं काळीज कितीही तुटलं तरी तो 'बाधित व्यक्ती' होत नाही. मंत्र्याच्या सरकारी कामाबद्दल असेल तर सरकारच्या मंजुरीनं सरकारी वकील सहा महिन्यांच्या आत थेट सत्र न्यायालयात तक्रार करू शकतो. आमदाराला तो मार्ग नाही, त्याला स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं जावं लागतं. त्याच संहितेच्या २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी तुमचंही म्हणणं ऐकावं लागतं. आणि बदनामी अदखलपात्र आहे, म्हणजे ठाण्यात फार तर एन.सी. (अदखलपात्र नोंद) होते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही.

म्हणून कार्यकर्ता बदनामीच्या वाटेला जातच नाही. तो दखलपात्र कलम शोधतो. तुमच्या मजकुरात जात, धर्म, भाषा, प्रांत यांपैकी एखादा शब्द कुठं सापडतो का, हे बघतो. सापडला की न्याय संहितेचं १९६, ३५३(२) किंवा २९९ (धार्मिक भावना दुखावणं) आणि लगेच एफआयआर. पक्ष हा काही त्या कलमांतला 'समाज' नाही. अमक्या पक्षाचे लोक चिडले म्हणजे दोन समाजांत तेढ झाली असं होत नाही, आणि एकाच गटाच्या भावना दुखावणं पुरेसं नाही, किमान दोन गट लागतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्येच सांगून ठेवलंय. तरी ठाण्याबाहेर दोनशे पोरं घोषणा देत उभी असली की ठाणे अंमलदार १९९७ चा निकाल काढून वाचत नाही.

शिव्या. न्याय संहितेच्या ३५२ मध्ये नुसता अपमान पुरत नाही. समोरच्याला चिथावून शांतताभंग घडवण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते. तेही अदखलपात्र आणि जामीनपात्र. सार्वजनिक जागी अश्लील शब्द म्हणजे २९६, पण शिवी असभ्य असली म्हणून कायद्याच्या अर्थानं अश्लील होत नाही, हे न्यायालयांनी बऱ्याचदा सांगितलंय. आपल्याकडं निम्म्या शिव्या मायेच्या असतात हे खरं. फ्लेक्सवर मात्र माया छापता येत नाही. आणि आईबहिणीवरून गेलात की ज्याला रस्त्याचं पटत होतं तोही साहेबांच्या बाजूला जातो.

आता एफआयआर झालाच तर. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना आधी प्राथमिक चौकशी करता येते: नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(३), उपअधीक्षकांची परवानगी, १४ दिवसांची मुदत. २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बोलण्या-लिहिण्यावरच्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी करणंच योग्य. शब्दांचा परिणाम कणखर, विवेकी माणसाच्या मापानं मोजायचा, कशालाही घाबरणाऱ्या डळमळीत माणसाच्या नव्हे, हेही त्यात आहे. त्या मापाचं मूळ १९४० च्या दशकातल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या निकालात सापडतं, म्हणजे विचार काही परदेशातून आलेला नाही. तर पहिलं काम: फ्लेक्सचा पूर्ण मजकूर, परवानगीची पावती, पुरावे जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा की १७३(३) खाली चौकशी करावी. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवायची.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. त्याच संहितेच्या ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. ती व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. पण "व्हॉट्सॲपवर आली, मी जाणार नाही" असला बाणेदारपणा करू नका. वकिलामार्फत लेखी कळवा आणि दिलेल्या तारखेला जा. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. न जाणाऱ्याच्या बाबतीत कारण तयारच असतं.

आणि पोरं हमखास करतात ती चूक म्हणजे नोटीस आली की रील उडवणं. पुरावा म्हणून लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २४१. मूळ प्रकरण टिकत नसलं तरी हे चिकटू शकतं. रील लोकांना दिसू नये असं वाटत असेल तर ती खाजगी करा. मूळ फाइल, तारीख-वेळ, लिंक आणि खालच्या प्रतिक्रिया जपून ठेवा. पुढं कोर्टात द्यायची झाली तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. शोध आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ प्रमाणे बंधनकारक आहे.

---

रंकाळ्यावरची_संध्याकाळ

वरचं सगळं बरोबर, पण कागदावर बरोबर. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून हातकणंगले पोलीस ठाण्यात भादंवि १५३-अ (आताचं १९६) खाली गुन्हा दाखल झाला. कलम ३७० हटवल्याचा निषेध आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, एवढाच मजकूर. एप्रिल २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, पोलिसांनाच अभिव्यक्तीच्या हक्काचं शिक्षण द्यायची वेळ आलीय, असं सुनावलं. निकाल उत्तम. पण ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२४ मोजा, आणि दिल्लीपर्यंतचा वकिलांचा खर्च मोजा. शिक्षा ती.

अभिनेत्री केतकी चितळेचं २०२२ चं प्रकरण आठवा. शरद पवारांवरच्या एका पोस्टसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मिळून वीसच्या वर गुन्हे आणि महिन्याहून जास्त काळ कोठडी. पोस्ट अभिरुचीला सोडून होती यात वाद नाही. पण एका पोस्टला एवढी ठाणी? एकाच घटनेवर पुन्हा पुन्हा एफआयआर नको, हे २००१ पासून ठरलेलं असूनसुद्धा.

आणि इथल्या पोलिसांची बाजूही ध्यानात घ्या. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात जे घडलं, म्हणजे बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद, त्याची सुरुवात मोबाइलच्या स्टेटसवरूनच झाली होती. तेव्हापासून कुठल्याही स्टेटसची तक्रार आली की ठाण्यात आधी "उद्या बंद पुकारला तर?" हा विचार होतो आणि कलम नंतर शोधलं जातं. म्हणून म्हणतो, मजकुरात रस्ता सोडून दुसरं काहीही नको. खडी, डांबर, तारीख, रक्कम. एवढ्यावर कोणी बंद पुकारत नाही.

एक सोय मात्र नवी झालीय. गुन्हा रद्द करण्यासाठीचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ चा अर्ज आता मुंबईला न्यावा लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच, सीपीआर रुग्णालयासमोर भाऊसिंगजी रोडला चालू आहे. त्यासाठी किती वर्षं आंदोलन चाललं हे इथल्या वकिलांना विचारा. रात्रीची रेल्वे आणि मुंबईतला मुक्काम वाचला, हा आमच्या मते भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे.

---

चौकातला_फ्लेक्सवाला

पुतळा आणि फ्लेक्स, दोन्हींबद्दल.

पुतळा: महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१). जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात आणि त्यात शस्त्रं-लाठ्यांबरोबर आकृत्या, प्रतिमा, प्रेतं यांच्या प्रदर्शनावरही बंदी घालता येते. पुतळा त्यातच आला. सण, जयंत्या, आंदोलनं लागून आली की आदेशही एकामागून एक निघतात. मोडला तर कलम १३५. म्हणजे पुतळा कोणाचा होता, टीका खरी होती का, हा प्रश्नच येत नाही. आदेश चालू होता का आणि पुतळा होता का, एवढंच बघतात. जमाव असला तर ३७(३) चंही बघा, ते जमावबंदीचं आहे. आधी त्या हद्दीच्या ठाण्यात जाऊन आदेश चालू आहे का विचारा आणि लेखी परवानगी मागा. रॉकेल ओतून पेटवण्याच्या गडबडीत कोणाचा तरी हात भाजतो, ते आणखी वेगळं. त्यापेक्षा खड्ड्यात रोप लावा. त्यावर अजून कोणी आदेश काढलेला नाही.

फ्लेक्स: मजकूर धुतल्या तांदळासारखा असला तरी परवानगी नसेल तर महापालिकेची गाडी संध्याकाळी उचलून नेते आणि विद्रूपीकरण कायदा १९९५ लागतो. वाढदिवसाचे वीस फ्लेक्स तसेच राहतात आणि टीकेचा एकच निघतो, हे रोजचं आहे. पण "त्यांचेपण बेकायदा आहेत" हा बचाव होत नाही. आकार, जागा, दिवस लिहून अर्ज करा, फी भरा आणि परवानगीचा क्रमांक फ्लेक्सच्या कोपऱ्यात वाचता येईल एवढा छापा. जागा खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती. खाली मंडळाचं नाव टाका. निनावी फ्लेक्सचा संशय छापणाऱ्यावर येतो, म्हणून कोणीही शहाणा छापखानेवाला मंडळाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मजकूर मागणारच.

निवडणूक लागली असेल तर खाजगी आयुष्याला हात नको. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान म्हणजे न्याय संहितेचं कलम १७५, दंड. थोडक्यात, बाई-बाटली सोडून बोला.

---

खड्डेमोजणी

पुतळा रद्द. रोपाचं ठरतंय. थराचा पुरावा कसा मिळवायचा? कडेला कुदळीनं खणून टेपनं मोजायचं पोरांचं चाललंय. आणि रील ग्रुपवर गेल्यावर कोणी खाली वेडंवाकडं लिहिलं तर ॲडमिन अडकतो का?

---

बावडा_कोर्टरोड

कुदळ खाली ठेवा! चांगला रस्ता खणलात तर सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, १९८४ चा कायदा. साहेबांवर टीका करायला गेलेलं मंडळ रस्ता फोडताना चित्रीकरणात सापडणार. जिथं आधीच उखडलंय त्या खड्ड्याच्या कडेला टेप लावून फोटो काढा. पण ते माप निर्णायक म्हणून छापू नका, कारण कडेला दिसणाऱ्या थरात जुनं डांबर किती आणि नवं किती हे डोळ्यांना कळत नाही. "खात्यानं गाभा-नमुना काढून तपासावा" अशी मागणी छापा. गाभा-नमुना म्हणजे रस्त्यातून कापून काढलेला थराचा तुकडा.

कागदांसाठी माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत. मागायचं काय: अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती, अंतिम देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला. "भ्रष्टाचार का झाला?" असं विचारू नका. 'का' ही माहिती नसते, अर्ज तिथंच पडतो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. फ्लेक्सला महिना उशीर होईल, पण साक्षांकित प्रत हातात असणं हीच वर सांगितलेली 'सद्भावना'.

ॲडमिन: नुसता ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या पोस्टचा गुन्हा त्याच्यावर येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय. संगनमत दाखवावं लागतं. मात्र "मी फक्त फॉरवर्ड केलं" हे चालत नाही. पुढं पाठवणाऱ्याची जबाबदारी त्याचीच, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये एस. व्ही. शेखर प्रकरणात धरलं आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यांना दिलासा दिला नाही. कोणी जातीवर घसरला तर त्याच मिनिटाला आक्षेप लिहा, मेसेज जपून ठेवा, माणसाला काढा.

---

खड्डेमोजणी

सध्या असं ठरतंय:

"साहेब, भूमिपूजनाचा नारळ तुमच्या हातचा. वर्षात रस्ता उखडला. कागदावर थर अमुक मिलिमीटर. खात्यानं गाभा-नमुना काढावा. ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदत शिल्लक आहे. दुरुस्ती त्याच्या पैशानं करून घेणार, की पुन्हा आमच्या?" खाली खड्डेरत्न, फेटा, गाढव. परवानगी क्रमांक कोपऱ्यात.

---

चौकातला_फ्लेक्सवाला

गाढव साहेबांच्या डावीकडं घ्या, नाहीतर परवानगीचा क्रमांक त्याच्या पोटावर येतो.

---

हद्दीबाहेर

"मुदत शिल्लक आहे" हे कशावरून? दोषदायित्व कालावधी कार्यादेशाच्या तारखेपासून नाही, काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात, आणि किती महिन्यांचा ते निविदेतच लिहिलेलं असतं. तो दाखला हातात येईपर्यंत ती ओळ प्रश्न म्हणून छापा: "मुदत शिल्लक आहे का?"